भिंतवाल्या बाई

भिंतवाल्या बाई कुणाच्याही घरी गेल्या की आधी माणसांकडे बघत नसत, भिंतींकडे बघत. उंबऱ्यात चपला काढता काढता त्यांची नजर चारी बाजूंनी फिरून यायची आणि एखादी मोकळी भिंत दिसली की चेहरा खुलायचा. मग "काय, बरे आहात ना?" वगैरे. आमच्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा घरातल्या अल्तारासमोर, म्हणजे आमच्या देव्हाऱ्यासमोर, बराच वेळ उभ्या राहिल्या. बाई भाविक दिसतात, असं वाटून मी आणि बायको मागे हात जोडून उभे राहिलो. थोड्या वेळाने लक्षात आलं, की त्या अल्ताराशेजारची रिकामी जागा वितीने मोजत होत्या. "इथे सहा मोठे कागद बसतील," त्या समाधानाने म्हणाल्या. तेव्हापासून आमच्या गावात त्यांचं खरं नाव मागे पडलं ते पडलंच.

त्यांचं काम नेमकं काय, हे गावात शेवटपर्यंत कुणाला एका वाक्यात सांगता आलं नाही. माणसं गोळा करायची, प्रत्येकाला मनातलं कार्डावर लिहायला लावायचं, कार्डं भिंतीवर चिकटवायची, एकसारखी कार्डं शेजारी शेजारी आणायची आणि त्यातून पुढच्या काही वर्षांचं काम त्याच माणसांकडून ठरवून घ्यायचं. स्वतः मात्र काहीही ठरवायचं नाही. आयुष्यभर त्यांनी हे जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर बायकांच्या गटांमध्ये केलं होतं. निवृत्त झाल्यावर आमच्या गावाजवळ, नायगावला एका टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर राहायला आल्या. मूळच्या संगमनेरकडच्या, लग्न केलेलं नव्हतं. आमच्यासारख्याच कॅथलिक, पण आमच्या जुन्या गावांना टॉवरमधला माणूस कोणत्याही धर्माचा असला तरी परकाच वाटतो. आमच्या घरच्या बोलीत सांगणं 'हांगणं' होतं आणि चालणं 'सालणं' होतं, त्यामुळे पहिले दोन महिने बाईंना आम्ही काय बोलतो ते निम्मंच कळत असावं. त्या निम्म्यावर त्यांनी आमचं बरंच काही उलटंपालटं केलं.

त्या वर्षी बिशपांच्या कचेरीतून पत्र आलं, की प्रत्येक धर्मग्रामाने, म्हणजे एकेका चर्चभोवतीच्या वस्तीने, पाच वर्षांचा आराखडा करावा आणि तो लोकांच्या सहभागातून करावा. मी धर्मग्राम परिषदेचा सचिव. बँकेत आयुष्य काढलेला माणूस. मला सभा म्हणजे विषयपत्रिका, सूचक, अनुमोदक आणि चहा. आराखडा आम्ही चौघांनी आधीच टाइप करून, स्पायरल बाइंडिंग करून ठेवला होता. फक्त 'लोकांच्या सहभागातून' एवढे शब्द खरे करायचे राहिले होते. त्यासाठी फादरांनी बाईंना बोलावलं.

आराखड्यात बारा कलमं होती, पण खरं कलम एकच: चर्चच्या मैदानावर मोठा हॉल. लग्नाला आम्ही बाहेरचे हॉल किती दिवस धुंडाळायचे? फादर तरुण होते, भले होते, आणि बदली व्हायच्या आत काहीतरी उभं करून जायचं त्यांच्या मनात होतं. हॉलपर्यंत गाड्या जायला रस्ता हवा होता आणि रस्ता निघायला जागा एकच होती, आमची वाडी. राजेळी केळीच्या दोन रांगा, विहीर आणि विहिरीभोवतीची तगर. सातबारा वडिलांच्या मागे आईच्या नावावर झाला होता. "आईचं मी बघतो, फादर," असं परिषदेत सांगून मी मोकळा झालो होतो. हॉलला माझ्या वडिलांचं नाव द्यायचं, हेही त्याच बैठकीत ठरलं. हे इथेच सांगून टाकतो, कारण ही हकिगत सांगताना मी नेमकं तेवढं गाळतो, असं बायकोचं म्हणणं आहे.

आईला मी विचारलं नव्हतं. विचारणार होतो, योग्य वेळ बघत होतो. आई ऐंशीच्या घरातली, लाल लुगडं नेसणारी, चौथीपर्यंत शिकलेली. ती नाही म्हणेल असं मला वाटलंच नाही. खरं सांगायचं तर ती काही म्हणेल असंच वाटलं नव्हतं.

पहिली सभा शाळेच्या हॉलवजा वर्गात झाली. बाई अर्धा तास आधी आल्या आणि भिंत बघून त्यांचा चेहरा पडला. सगळ्या भिंतीवर तसबिरी: आजवरचे धर्मगुरू, बिशप, देणगीदार, मध्यभागी पोपमहाशय. "हे उतरवावं लागेल," बाई म्हणाल्या. मी म्हटलं, "पोपमहाशयांचा फोटो उतरवायचा?" "हो. खाली खुर्चीवर नीट ठेवा, म्हणजे तेही ऐकतील." आमचे शाळेचे शिपाई शिडीवर चढले, पण त्यांनी आधी छातीवर क्रूसाची खूण केली. माझं डोकं तिथेच तापायला लागलं. त्यात खुर्च्या रांगेत मांडल्या होत्या त्या बाईंनी गोलात लावून घेतल्या. गोलात पहिली रांग नसते. आता परिषदेच्या लोकांनी बसायचं कुठे?

बाईंचे नियम साधे होते. एका कार्डावर एकच गोष्ट. अक्षर मोठं, शेवटच्या खुर्चीवरच्या माणसाला दिसेल असं. नाव लिहायचं नाही. एकदा आलेलं कार्ड कुणी फाडायचं नाही, कुणी ठेवून घ्यायचं नाही. पटो न पटो, ते भिंतीवर लागणार. "नाव नसलं की माणूस खरं लिहितो," त्या म्हणाल्या. कुणी काही विचारलं की उत्तर एकच, "तुम्हाला काय वाटतं?" हे इतक्या वेळा झालं की फादरांनी "चहाची सुट्टी कधी?" असं विचारल्यावरही त्या "तुम्हाला काय वाटतं?" म्हणाल्या आणि सगळी सभा हसली. हसले नाहीत ते फादर आणि मी.

बाईंनी मोठ्या कागदावर प्रश्न लिहिला: पाच वर्षांनी या आवारात काय दिसावं? कार्डं आली. बाई एकेक वाचून चिकटवत होत्या. पंधरावं की सोळावं कार्ड असेल: 'हॉल हा चौघांचा हट्ट आहे. मैदान पोरांना राहू द्या.' सगळ्यांच्या माना पुढे झाल्या, कार्डावरचं अक्षर बघायला.

इथे बाईंची एक चूक झाली होती आणि ती बाहेरच्या माणसाची चूक होती. आमच्या गावातली पन्नाशीपुढची सगळी माणसं एकाच शाळेत, एकाच मास्तरांच्या हाताखाली लिहायला शिकली. मास्तरांचं सुंदर वळण प्रत्येकाने आपापल्या परीने बिघडवलं आणि कुणी ते कसं बिघडवलं हे बाकीच्यांना पाठ आहे. आहेराच्या पाकिटावर नाव नसलं तरी आमच्याकडे कळतं. नाव न लिहिल्याने आमच्या गावात काहीही लपत नाही. "अक्षर बावतीसचं आहे," कुणीतरी म्हणालं. कुणीतरी काय, मीच म्हणालो.

बावतीस माझा शाळासोबती. सांडोरच्या बाजूला त्याची भाजीची वाडी आहे, लहानपणी आम्ही एका ताटात जेवलो आहोत. तो ताडकन उभा राहिला. "हां, माझंच! हट्ट नाय तर काय? रस्ता कुठून नेणार ते तरी हांगा लोकांना!" मी ओरडलो, तो ओरडला. कुणीतरी म्हणालं, बावतीसने आजवर चर्चसाठी केलं काय? कुणीतरी त्याच्या वडिलांचं काढलं. एक खुर्ची पडली. बावतीस बायकोचा हात धरून निघून गेला आणि पुढच्या रविवारी आमच्या चर्चमध्ये आलाच नाही. शेजारच्या गावात मिस्साला गेला. आमच्याकडे याहून मोठा तंटा नसतो.

बाईंनी पडलेली खुर्ची उचलून जागेवर ठेवली. मग भिंतीजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "चूक माझी आहे. मी त्यांना सांगितलं होतं की कुणाला कळणार नाही. मी तुमचं गाव विचारून घेतलं नाही." तीस वर्षांत मी बँकेत एकाही साहेबाला उभं राहून 'चूक माझी' म्हणताना बघितलं नव्हतं, त्यामुळे मला ते नाटक वाटलं. शेवटी, उठता उठता, त्यांनी त्यांचा नेहमीचा प्रश्न विचारला, "आज कोण बोललं नाही?" पुढे आम्हाला त्याची सवय झाली, पण त्या दिवशी सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आई कोपऱ्यातल्या खुर्चीवर जपमाळ ओढत होती. तिने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

मधल्या तीन आठवड्यांत बाई बावतीसकडे तीनदा गेल्या. त्याच्या वाडीत बसून मुळ्याच्या जुड्या बांधल्या म्हणे. मलाही चला म्हणाल्या, मी सरळ नाही म्हटलं. आमच्याकडेही यायच्या, पण माझ्याशी बोलायला नाही. मागच्या पडवीत आईजवळ बसायच्या. आई सुकेळी करत असायची, राजेळीची केळी सोलून उन्हात घालायची, आणि बाई माश्या वारायच्या. त्या काय बोलत हे मी विचारलं नाही. बाई रस्त्याबद्दल काही बोलल्या तर? आईला बाहेरून कळलं तर? रोज सकाळी ठरवायचो, आज सांगू. रोज संध्याकाळी म्हणायचो, सभा होऊन जाऊ दे.

दुसऱ्या सभेला बावतीस आला. कुणाकडे न बघता दाराजवळ बसला. फादरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "आज ठरायलाच हवं. पुढच्या आठवड्यात आराखडा पाठवायचा आहे. तुमच्या जागेचं नक्की ना?" मी म्हटलं, नक्की.

बाईंनी कार्डं वाटली, पेनं वाटली आणि म्हणाल्या, "आज सगळ्यांनी डाव्या हाताने लिहायचं."

आधी हशा पिकला. मग सगळे कामाला लागले आणि हसू बंद झालं. एवढी मोठी माणसं, कुणी निवृत्त मुख्याध्यापक, कुणी सरकारी साहेब, जीभ दातांत धरून डाव्या हाताने एकेक अक्षर ओढत होती. फादरांच्या कपाळाला घाम आला. सगळ्यांची अक्षरं पहिलीतल्या पोरांसारखी, कुणाची ओळखायची सोय नाही. बाईंनी आमचं गाव या वेळी बरोबर विचारून घेतलं होतं. आजचा प्रश्न होता: हे ठरवताना काय सांगायचं राहून गेलं?

कार्डं गोळा करायचं काम सचिव म्हणून मी माझ्याकडे घेतलं. बाईंच्या हातात गठ्ठा देण्याआधी वरवर चाळत होतो. वाकडी, थरथरती, एकमेकांवर चढलेली अक्षरं. आणि मध्येच एक कार्ड आलं, त्यावर अक्षर असं की जणू छापलेलं. गोल, सरळ, प्रत्येक वेलांटी जागच्या जागी.

ते अक्षर गावात कुणालाच माहीत नव्हतं. मला माहीत होतं. आई जन्माची डावखुरी. शाळेत मास्तरांनी डाव्या हातावर पट्ट्या मारून मारून तिला उजव्या हाताने लिहायला लावलं, आणि उजव्या हाताने ती जन्मभर कोंबडीचे पाय काढत राहिली. चर्चच्या वहीत तिची सही बघून लोकांना वाटायचं, बाईला धड लिहिता येत नाही. पण घरात, कुणी बघत नसताना, सुकेळीच्या पुड्यांवर आणि लोणच्याच्या बरण्यांवर ती डाव्या हाताने नावं घालायची. मास्तरांचं वळण गावात कुणी न बिघडवता जपलं असेल तर ते आईच्या डाव्या हाताने.

कार्डावर लिहिलं होतं: 'वाडीतून रस्ता जाणार आहे. मला कोणी विचारलं नाही.'

मी ते कार्ड खिशात घातलं. विचार केला, असं म्हणणार नाही. हात गेला. बाकीचा गठ्ठा बाईंना दिला आणि जागेवर येऊन बसलो. हे भिंतीवर लागलं तर रस्ता गेला, हॉल गेला, वडिलांचं नाव गेलं. आणि सगळ्या गावासमोर कळणार की सचिवसाहेबांनी गावाला विचारायला बाई आणल्या आणि घरच्या बाईला विचारलं नाही.

बाईंनी कार्डं टेबलावर ठेवली, सावकाश मोजली, पुन्हा मोजली. "बावन्न दिली होती," त्या म्हणाल्या. "एक्कावन्न आली. एक कार्ड वाटेत आहे. येईपर्यंत थांबू."

आणि खरंच थांबल्या. शाळेच्या एका बुटक्या बाकावर हात मांडीत घेऊन बसल्या. एकही कार्ड भिंतीवर लावलं नाही. सुरुवातीला कुजबुज झाली, कुणीतरी खाली पडलंय का म्हणून खुर्च्या सरकवल्या. मग तीही थांबली. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. फादर किल्ल्यांचा जुडगा बोटावर फिरवत होते. बावतीस माझ्याकडे बघत होता की दाराकडे, कळत नव्हतं. आई समोरच्या खुर्चीत रिकाम्या भिंतीकडे बघत होती. मला वाटलं, ती आता उठेल आणि म्हणेल, ते माझं होतं. किंवा माझ्याकडे बघून 'असू दे' अशी मान हलवेल. आईने आजवर नेहमी तेच केलं होतं. त्या दिवशी तिने दोन्हीतलं काहीच केलं नाही.

फादर म्हणाले, "बाई, एका कार्डासाठी?" बाई म्हणाल्या, "घाई कुणाची आहे, फादर?" आणखी दहा मिनिटं गेली असतील. शेवटी फादरांनीच चहा जाहीर केला. बाईंनी तेवढ्यात आलेली एक्कावन्न कार्डं लावून टाकली आणि मधोमध एका कार्डाएवढी जागा मोकळी ठेवली. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. बाई कप घेऊन आल्या.

"सचिव, चहा घेतला नाहीत."

"नको."

"मी तुमच्या खिशाकडे एकदाही बघितलं नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तुम्हीच चार वेळा बघितलंत."

माझा तोल गेला. "तुम्ही बाहेरच्या आहात, बाई! उद्या निघून जाल. आम्हाला इथे रोज एकमेकांची तोंडं बघायची आहेत."

"म्हणूनच," बाई म्हणाल्या. "त्यावर काय लिहिलंय ते मला माहीत नाही आणि विचारणारही नाही. पण ज्याने लिहिलं त्याला माहीत आहे की आपण लिहिलं. तो माणूस आत्ता त्या भिंतीवर आपलं कार्ड शोधतोय." एवढं बोलून त्या कप माझ्या हातात देऊन गेल्या.

मी दारातून आत बघितलं. सगळे चहाभोवती जमले होते. भिंतीसमोर एकटी आई उभी होती. चष्मा वर-खाली करत पहिल्या रांगेपासून एकेक कार्ड वाचत होती. दुसरी रांग संपली, तिसरी. शेवटच्या कार्डापाशी पोचली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

ते बघवलं नाही. मी आत गेलो, तिच्या शेजारी उभा राहिलो, खिशातून कार्ड काढलं. मधोमध घडी पडली होती. हाताने ती सपाट करून मोकळ्या जागेत चिकटवलं. आईने ते जवळ जाऊन दुसऱ्या कुणाचं असावं तसं वाचलं. "अक्षर हांगलं हाय कुणाचं तरी," ती म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली. हांगलं म्हणजे चांगलं. आणि ते होतंच.

सभा पुन्हा भरली. बाईंनी एकेक करत सगळी कार्डं वाचली, ते कार्डही त्याच आवाजात वाचलं. सगळ्यांच्या माना आमच्याकडे वळल्या, कारण रस्ता जाण्यासारखी वाडी गावात एकच. मी उभा राहिलो. "हे कार्ड—" एवढंच म्हणालो तर बाईंनी हात वर केला. "कुणाचं ते नको." मग मी म्हणालो, "मी विचारलं नाही, हे खरं आहे. मी फादरांना शब्द दिला आणि विचारलं नाही." फादरांचा चेहरा पांढरा पडला होता. मागून बावतीसचा आवाज आला, "बस आता. उभा काय राहिलास." लहानपणी मी पडलो की तो याच सुरात बोलायचा.

आमचा स्पायरलवाला आराखडा त्या दिवशी टेबलावरच राहिला. भिंतीवरून जो आराखडा निघाला त्यात हॉल पाचव्या नंबरवर गेला. पहिलं निघालं ते अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी दर आठवड्याला कुणीतरी जाण्याचं. अकरा कार्डांवर ते होतं आणि आम्हा चौघांच्या बारा कलमांत ते कुठेच नव्हतं.

घरी दोन दिवस मी आणि आई एकमेकांशी जेवणापुरतं बोललो. तिसऱ्या दिवशी पडवीत तिच्यासमोर बसून विचारलं, "आय, वाडीतून रस्ता द्यायचा का?" ती केळी सोलत राहिली. "आता इचारलंस," ती म्हणाली, "आता इचार करून हांगते." विचार तिने दोन महिने केला. मी रोज तिच्या तोंडाकडे बघायचो आणि ती मजेत असायची. शेवटी गावच्या सणाला, सगळे जेवायला बसलेले असताना म्हणाली, "सालायला वाट देते. गाडी नाय." आता आमच्या विहिरीजवळून म्हाताऱ्या माणसांची मिस्साला जायची जवळची वाट आहे. हॉल अजून झालेला नाही. वडिलांचं नाव कशालाच नाही, आणि मला त्याचं आता फारसं काही वाटत नाही, असं मी म्हणतो.

बाई मग पुढच्या गावाला गेल्या, तिथून आणखी पुढच्या. पण महिन्यातून एकदा पडवीत यायच्याच. दीड वर्षापूर्वी त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. जन्मभर दुसऱ्यांना बोलतं करणारी बाई, आणि तिच्या तोंडून शब्द फुटेना. आम्ही बघायला गेलो तेव्हा त्यांचं घर मी पहिल्यांदा बघितलं. चौदाव्या मजल्यावर दोन खोल्या आणि सगळ्या भिंती कोऱ्या. एक खिळासुद्धा नाही. आईने खाटेजवळ बसून त्यांचा डावा हात हातात घेतला, उलटसुलट करून बघितला. "हा हाय ना," ती म्हणाली.

त्या बुधवारपासून आई दर बुधवारी पाटी घेऊन नायगावला जायला लागली. लिफ्टची तिला भीती. डोळे मिटून 'नमो मारिया' म्हणत लिफ्टने चौदा मजले वर जायची. मी सोडायला जायचो आणि बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसायचो. आतून पाटीवर पेन्सिलीचा आवाज यायचा आणि आईचा, "नाय, नाय, हात सैल. आता त्याला कोन मारत नाय." बाईंना लिहायला शिकवायचं म्हणजे मास्तरांचं तेच गोल वळण, दुसरं आईला येतच नव्हतं. चार महिन्यांत बाई पाटीवरून कार्डावर आल्या.

मग संगमनेरहून त्यांचा भाचा आला. चांगला मुलगा. मावशीला एकटं कसं ठेवायचं, या काळजीत. मीही काळजीत होतो, आणि काळजीत पडलो की मी सचिव होतो. दोन दिवसांत मी फोन करून संगमनेरजवळच्या सिस्टर्सच्या आश्रमात जागा मिळवली, रुग्णवाहिका ठरवली, घराच्या किल्ल्या कुणाकडे राहतील तेही ठरवलं. बाईंच्या खाटेशी उभे राहून मी आणि भाचा सामानाची यादी करत होतो. सोमवारी सकाळी निघू. कपाट इथेच राहू दे. कपडे दोन बॅगांत मावतील.

आई पायथ्याशी बसली होती. तिने माझ्या बाहीला ओढलं. मी वळून बघितलं तर बाई डाव्या हाताने उशीवर कार्ड टेकवून लिहीत होत्या. खूप वेळ लागला. आम्ही दोघं यादी हातात धरून उभे राहिलो. पंखा फिरत होता आणि मला एकदम शाळेतला तो वर्ग आठवला. लिहून झाल्यावर त्यांनी कार्ड माझ्यासमोर धरलं. अक्षर गोल, सरळ, प्रत्येक वेलांटी जागच्या जागी.

'मला कोणी विचारलं नाही.'

भाच्याला काही कळलं नाही. आई खाली बघत होती, पण तिच्या खांद्यांवरून मला कळलं की ती हसते आहे. आणि बाई हसत होत्या, चेहऱ्याच्या चालत असलेल्या अर्ध्या बाजूने. मी खाटेजवळची खुर्ची ओढली, बसलो आणि विचारलं, "बाई, तुम्हाला काय वाटतं?"

त्यांना तिथेच राहायचं होतं. भाच्याने रुग्णवाहिका रद्द केली. आमच्या धर्मग्रामातल्या बायकांनी वार वाटून घेतले, आणि बुधवार आईकडेच राहिला. बाई त्यानंतर सात महिने होत्या. गेल्या तेव्हा भिंतीवर शंभरेक कार्डं होती, पाणी हवं, खिडकी उघडा, बावतीसचे मुळे चांगले होते, असली. भाच्याने ती उतरवून आईला दिली. त्यातलं, न विचारल्याचं, ते एक मी मागून घेतलं.

आता माझ्या कपाटात दोन कार्डं आहेत, पहिलं त्या सभेच्या भिंतीवरून उतरवलेलं. दुसऱ्यावर पहिल्यातलंच शेवटचं वाक्य आहे आणि अक्षरही हुबेहूब तेच. अक्षर ओळखण्यात गावात माझा हात धरणारं कुणी नाही, पण नुसत्या अक्षरावरून आईचं कोणतं आणि बाईंचं कोणतं, हे मला सांगता येत नाही. एकावर वाडीचा रस्ता आहे आणि खिशातली घडी आहे, म्हणून ते आईचं.